दहावा बाँड

येळवशीच्या दिवशी लातुरात चहा मिळणं मुश्किल. गंजगोलाईतली शटरं खाली, रिक्षा नाहीत, रस्त्यावर फक्त आमच्यासारखी उशिरा निघालेली माणसं, स्कूटीवर दोघींच्या मधे आंबिलीचं मडकं सांभाळत. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवच्या पलीकडं फारशी कुणाला ठाऊक नसते. पुण्याच्या माणसाला सांगितलं की आम्ही अमावास्येला सण करतो, तर तो जरा दचकतोच. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी बोलावतं. आमची दोन एकर बाबांच्या आजारपणात गेली, तेव्हापासून आम्ही बोलावण्यातले. आणि २०१६ पासून बोलावणारे एकच, आमचे घरमालक आप्पा.

त्यांचं शेत मुरूडच्या वाटेवर. ज्वारीत कडब्याची कोपी उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडतात, पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि वर आंबील. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मिळेल ती पालेभाजी आणि बेसन एकत्र शिजवलेलं ते प्रकरण एकदा खाल्लं की संध्याकाळपर्यंत माणूस बांधावर आडवा. आई मात्र जेवण झालं की कोपीत जाऊन बसायची. "बरं वाटतंय इथं," म्हणायची, "पडली तरी कडबाच." सगळे हसायचे. मी हसायची नाही, कारण मला त्या वाक्याचं वजन माहीत होतं. त्याबद्दल पुढं सांगते.

३० डिसेंबर २०२४ च्या येळवशीला माझ्या घशाखाली भज्जी उतरत नव्हती. आप्पांना सांगायचं होतं की आम्ही फ्लॅट घेतोय आणि फेब्रुवारीत तुमचं घर सोडतोय. करार होता जूनअखेरपर्यंत. आप्पा मडक्यातली आंबील ज्वारीवर शिंपडत पुढं चालले होते आणि मी मागं. दुसऱ्या सरीत सांगून टाकलं.

"कुठं?"

"खाडगाव रोडला."

"पाण्याचं काय?"

"बोअर आहे म्हणतो बिल्डर."

"म्हणतो," एवढंच म्हणून आप्पा पुढच्या सरीकडं वळले. सगळं शिंपून झाल्यावर, मडकं पालथं घालता घालता म्हणाले, "बाँड जूनपस्तोर हाय न्हवं आपला?"

आमच्याकडं भाडेकराराला बाँडच म्हणतात. कोर्टापुढच्या टपरीत टायपिस्टकडं तयार मसुदा असतो, नावं बदलायची, तारीख बदलायची, नोटरीचा शिक्का मारायचा. आमचे असे दहा बाँड झाले. पहिला १ मे २०१६ चा. अकरा महिन्यांनी संपला, दुसरा एप्रिलपासून. मग तिसरा मार्चपासून, चौथा फेब्रुवारीपासून. दरवर्षी करार एक महिना मागं सरकत सरकत दहावा १ ऑगस्ट २०२४ ला येऊन पोचला. माझ्या लेकाचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो, त्यामुळं त्या वर्षी केक आणि बाँड एकाच आठवड्यात. दहा वेळा सह्या केल्या. वाचला किती वेळा? एकदाही नाही.

हे अकरा महिन्यांचं कोडं मी पुढं आठवडाभर सोडवत बसले होते, म्हणून सांगते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या पुढचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून देशभर लोकांनी अकराची पळवाट काढली. महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बुजवून टाकलेली आहे. आपल्याकडं लिव्ह अँड लायसन्सचा करार, महिना असो की अकरा, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पळवाट बुजली, पण लोकांची त्यावरून चालायची सवय गेली नाही. आम्हीही त्यातलेच. पहिल्या वर्षी आप्पा म्हणाले होते, "रजिस्टर करू की, खर्च अर्धा अर्धा." मीच म्हणाले, "कशाला आप्पा, शंभरच्या बाँडवर भागतंय की." हे वाक्य माझं होतं, हे मी पुढं सोयीस्कर विसरणार होते.

२०१६ च्या मेमध्ये आम्ही त्या घरात गेलो ते घर बघून नाही, पाणी बघून गेलो. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. टीव्हीवर तिचं फार कौतुक झालं. आम्ही तेव्हा ज्या खोलीत राहायचो तिथं नळाला महिनाभर पाणी नव्हतं आणि मी लॅबमधून येताना दोन कॅन घेऊन यायची. लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची. तिथलं डिस्टिल्ड वॉटर घरी न्यायचा विचारही एकदा मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत लॅबमधल्याच एका मावशींनी सांगितलं, जुन्या औसा रोडला एका घराच्या बोअरला अजून पाणी आहे आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. आम्ही गेलो. आप्पांनी खोल्या दाखवल्याच नाहीत, आधी मोटार चालू केली. तीन बोटं जाडीची धार. आई त्या धारेखाली हात धरून उभी राहिली. बोअरला कुलूप होतं, मोटारीची वेळ सकाळी सहा ते सात, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, एवढ्या अटी. भाडं साडेचार हजार. दहा वर्षांपेक्षा थोड्या कमी काळात ते साडेसात हजारांवर गेलं आणि डिपॉझिट तीस हजारांवर. लातूरच्या मानानं हे काहीच नाही. ट्यूशन एरियात एका खोलीत तीन पोरं कोंबून त्याहून जास्त घेतात.

खिळ्याची अट आईला फार आवडली होती. कॅलेंडर कपाटाच्या कडीला टांगायचं, देव फळीवर ठेवायचे, बाबांचा फोटो खुर्चीवर. भिंत त्यांची. आपला तिच्याशी काय संबंध?

माझं गाव किल्लारीपासून दोन कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहा वर्षांची होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं ही वेळ आमच्या भागात लहान पोरालाही पाठ असते. गणपती बोळवून माणसं झोपली होती. माझी आजी आणि धाकटा भाऊ आतल्या खोलीत होते. मी आणि बाबा ओसरीवर, म्हणून आहोत. आईला चार तासांनी काढलं. सगळ्या भागात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बहुतेकांना भूकंपानं नाही, घरांनी मारलं. दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर मातीचं माळवद. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. जुना थर कुणी काढत नसे. आजोबांनी टाकलेल्या थरावर बाबांचा थर, त्यावर आमचा. घर जितकं जुनं तितकं त्याचं डोकं जड.

त्या वर्षी जेठात माती आईनं चढवली होती. बाबांच्या पायाला काटा लागून पाय सुजला होता, म्हणून तिनंच वीस-पंचवीस टोपल्या शिडीवरून वर नेल्या. मी खालून पाणी देत होते. वर बसून ती हातानं माती थापत होती आणि मला म्हणाली होती, "यंदा एक टिपूस गळणार न्हाई बघ." हे तिनं नंतर कधीच कुणाला सांगितलं नाही. मलाही तिनं सांगितलेलं नाही, मला फक्त ते आठवतं.

पुढं पत्र्याचं शेड, मग नव्या जागी आखून वसवलेल्या गावात सरकारी घर. जमीन कमी असलेल्यांना २५० चौरस फुटांचं मिळायचं, ते आमचं. सिमेंट-काँक्रीटचं, मजबूत, एका रांगेत सगळी सारखी. आई त्यात स्वयंपाक करायची आणि झोपायला अंगणात यायची. पावसातसुद्धा दाराशी, एक पाय उंबऱ्याबाहेर. लातूरला आलो, भाड्याच्या खोल्या सुरू झाल्या, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आई आतल्या खोलीत, चक्क भिंतीला टेकून, घोरत होती. विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात झोप लागती बाई." मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

तर अशा बाईला सांगायचं होतं की आपण फ्लॅट घेतोय. दुसरा मजला.

फ्लॅट सापडला तो घाईत. आधीच्या गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालं नाही, त्यानं सोडला, आणि बिल्डरला पैसा लगेच हवा होता. ३२ लाख. इमारत तयार, भोगवटा प्रमाणपत्र हातात, म्हणून जीएसटी नाही. बिल्डर ८५० फूट म्हणत होता, मी कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारलं तेव्हा ६१० निघाले. आईनं मनातल्या मनात भागाकार केला असणार, कारण ती म्हणाली, "म्हंजी आपली सरकारी घरं दोन आन् वर अर्धं." बिल्डरनं पाच लाख टोकन मागितलं, कच्च्या पावतीवर. माझा नवरा देऊनच टाकणार होता. पण रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या, कायद्यात करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, एवढं मला माहीत होतं, कारण लॅबमधल्या डॉक्टरीणबाई त्यात पोळल्या होत्या. मी म्हणाले, तीन लाख, तेही चेकनं. बिल्डर माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाला, "मॅडम फार वाचतात वाटतं." बाँड सोडून सगळं वाचते, हे त्याला कुठं माहीत.

घर माझ्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे बत्तीस हजार वाचले. नोंदणी फी तीस हजार. वाचलेलं एका खिडकीतून घेऊन दुसऱ्या खिडकीत भरावं तसं झालं. सात लाख आमचे, त्यात माझा पीएफ, एक मोडलेली एफडी आणि आईच्या पाटल्या. पंचवीस लाख बँकेचे, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २१,६९६. कागद हातात आला त्या रात्री मी हिशेब मांडला. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजात जाणार होते, मुद्दलात ३,९८८. वीस वर्षांत ५२ लाख फेडायचे. नवरा म्हणाला, हे असं बघायचं नसतं. कसं बघायचं असतं ते त्यानं सांगितलं नाही.

आई फ्लॅट बघायला आली तेव्हा वर चढलीच नाही आधी. खाली पार्किंगमध्ये फिरत राहिली. भिंती नाहीत, नुसते खांब आणि त्यावर तीन मजले. तिनं खांब मोजले. मग हातानं एकेकाला ठोकून बघितलं, आपण कलिंगड बघतो तसं. बिल्डरचा पोरगा गमतीत होता. "आजी, झोन तीनप्रमाणं डिझाइन आहे." तो खोटं बोलत नव्हता. किल्लारीआधी आमचा हा सगळा पट्टा देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या भागात दाखवलेला असायचा. २००२ ला नकाशा सुधारला आणि आम्ही तिसऱ्या झोनमध्ये गेलो. दहा हजार माणसं गेल्यावर नकाशाचा रंग बदलला. आईनं त्या पोराला विचारलं, "गच्चीवर काय टाकलंय?"

"वॉटरप्रूफिंग, आजी."

"किती जाड?"

पोरगा गप्प झाला. मीही. मग ती जिना मोजत वर आली, चौतीस पायऱ्या, आणि फ्लॅटच्या दारापासून बिछान्यापर्यंत किती पावलं होतील ते चालून बघितलं. हो-नाही काही बोलली नाही. संध्याकाळी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, तेच उत्तर.

रजिस्ट्री पौषात झाली, त्याला इलाज नव्हता. पाय मात्र माघ लागल्यावरच टाकायचा, हा आईचा हट्ट. म्हणजे जानेवारीचं भाडं आलंच, फेब्रुवारीचंही आलं. मार्चपासून हप्ता. मी आप्पांना येळवशीला सांगितलं होतं, वर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रीतसर लेखी नोटीसही दिली. मला वाटलं, महिन्याची नोटीस दिली, दोन महिने राहिलो, संपलं.

पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाँडमधलं सातवं कलम बघा." बघितलं. *मुदतीपूर्वी जागा सोडल्यास उर्वरित मुदतीचे भाडे लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस द्यावे.* मार्च ते जून चार महिने, साडेसात हजारांनी तीस हजार. डिपॉझिट तीस हजार. "म्हणजे फिटंफाट," मुलगा म्हणाला, अगदी गोड आवाजात.

त्या रात्री मला झोप नाही. तीस हजार म्हणजे आम्हाला स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकिलांना बाँड दाखवला. त्यांनी पहिलं पानच बघितलं आणि हसले. नोंदणीच नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. करार नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, मालकाला उलटं सिद्ध करता आलं नाही तर. वर नोंदणी न केल्याबद्दल कारवाईची टांगती तलवार मालकावर. "एक नोटीस धाडू," ते म्हणाले, "आठ दिवसांत डिपॉझिट घरपोच."

मसुदा त्यांनी तिथंच सांगायला सुरुवात केली. "कैदेस पात्र" हा शब्द आला आणि मला पोस्टमन दिसला, आप्पा चष्मा शोधतायत, काकू विचारतायत कुणाचं पत्र. मी म्हणाले, थांबा, कळवते. हे मोठेपणानं नव्हे. "शंभरच्या बाँडवर भागतंय की" हे माझंच वाक्य मला नेमकं त्या खुर्चीत आठवलं. शिवाय आप्पांची अडचण खोटी नव्हती. ते तेलाच्या गिरणीत मुनीम होते, पेन्शन नाही, भाडं हीच पेन्शन. आणि लातुरात खोल्यांचा हंगाम असतो, आंब्यासारखा. बाहेरची पोरं मे-जूनमध्ये येतात, नीटची, जेईईची, कुणासोबत आई, कुणासोबत आजी. तेव्हा पायऱ्यासुद्धा भाड्यानं जातील. पण फेब्रुवारीत सोडलेल्या खोलीला जूनपर्यंत कुत्रं विचारत नाही.

मग मी दलाल झाले. हा भाग मला लिहायला फार आवडतोय, कारण यात मी जितकी हुशारी केली तितकी त्या फ्लॅटच्या व्यवहारातही केली नाही. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, सुई टोचता टोचता, "खोली बघताय का कुणाला?" ट्यूशन एरियातल्या दोन मेसच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. पहिल्या आठवड्यात तीन जण आले. एकाला बुलेट आत लावायची होती. एका जोडप्यानं काकूंना विचारलं, मांसाहार चालेल का. काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि दार लावलं. तिसरा नुसता मोटार बघायला आल्यासारखा वाटला. आप्पा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. एका संध्याकाळी म्हणाले, "कशाला गं येवढं करलालीस?" मी म्हणाले, "सातवं कलम, आप्पा." ते उठून आत गेले. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

दहाव्या दिवशी मुखेडकडच्या एक बाई आल्या. मुलगा हॉस्टेलवर, बारावीची परीक्षा तोंडावर, मेमध्ये नीट. मुलाचं वजन आठ किलोनं उतरलेलं, रक्त तपासायला आणलं होतं. हिमोग्लोबिन नऊ. रिपोर्ट देताना मी त्यांना सांगितलं की पोराला औषधापेक्षा घरचं जेवण हवंय, आणि दुसऱ्याच श्वासात, माझ्याकडं एक घर आहे. त्यांना हवं होतं मार्च ते मे. आमचा खड्डा होता तेवढाच. जूनला आप्पांचा हंगाम सुरू. काकूंनी त्या पोराकडं बघितलं आणि मोटारीची वेळ सांगायच्या आधी त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला.

पुण्याच्या मुलाला काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. घर सोडायच्या आदल्या दिवशी आप्पांनी सत्तावीस हजार दिले, पाचशेच्या नोटा, दोनदा मोजून. "तीन हजार रंगाला," म्हणाले. रंगाला तीन लागत नाहीत आणि नऊ वर्षांत आम्ही भिंतीला बोटही लावलं नव्हतं. मी काही बोलले नाही. नवरा जिन्यात पुटपुटला. मग आप्पांनी दहावा बाँड आणला, आडवी रेघ मारली, खाली "जागा खाली करून मिळाली, देणे-घेणे नाही" असं मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं, सही केली, माझी घेतली. मुनिमाची सवय. काकूंनी आईची ओटी भरली, आईनं काकूंची. एकमेकींना एकच नारळ फिरवून दिला की दोन होते, ते त्या गोंधळात कळलं नाही.

सामान छोट्या हत्तीच्या दोन खेपांत बसलं. नऊ वर्षांच्या घराची मला वाटलं होतं निदान चार खेपा होतील. मोकळ्या खोलीत उभी राहिले तेव्हा दिसलं, कपाटामागं भिंतीला फिकट चौकोन उमटलाय. बाकी काही नाही. खिळ्याचं एक भोकसुद्धा नाही. आम्ही तिथं राहिलो होतो याला पुरावा म्हणून तो चौकोन आणि आप्पांच्या पेटीतले दहा बाँड, तेही बिननोंदणीचे. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, जागेत हक्क काही नाही, असं वकीलसाहेब सांगत होते. मला तेव्हा ते कायद्याचं बोलणं वाटलं होतं.

नव्या घरात पहिल्या रात्री आईनं अंथरूण दाराशी घातलं. उशाला बॅटरी, चपला, आणि कागदांची पिशवी, जिच्यात आता इंडेक्स टूची, म्हणजे रजिस्ट्रीच्या उताऱ्याची, झेरॉक्सही होती. नऊ वर्षं भिंतीला टेकून झोपलेली बाई. मी काही म्हटलं नाही. रात्री एकदा पाणी प्यायला उठले तर ती जागीच होती. अंधारात छताकडं बघत म्हणाली, "वरच्या मजल्यावर कोण राहतंय गं?"

"अजून कुणी नाही, आई."

"सामान किती आणतील काय की."

मला एकदम तिच्या हातातली टोपली दिसली. इथं वर काय चढतंय ते आपल्या हातात नाही, हे तिला बरं वाटत होतं की त्याचीच भीती वाटत होती, मी विचारलं नाही. मी तिच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत, सतरंजी टाकून झोपले. हप्ता माझ्या नावावर, घर माझ्या नावावर. झोप मलाही लागली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या बोअरनं हवा ओकायला सुरुवात केली. महापालिकेची लाइन आमच्या भागात अजून आलेली नाही; येणार आहे, असं बिल्डर म्हणतो. म्हणतो. टँकर येतो, त्याचा हिस्सा मेंटेनन्सच्या वर, आणि पाण्याला लोखंडी टाकीचा वास. तीन दिवस आई चहाच प्यायली नाही. चौथ्या दिवशी मी वीस लिटरचे दोन जार स्कूटीला अडकवले आणि सकाळी सव्वासहाला जुन्या औसा रोडला गेले.

मुखेडचं पोरगं ओट्यावर बसून पाठांतर करत होतं. गाल जरा भरले होते. आमच्या खोलीच्या भिंतीला आता कॅलेंडर होतं, खिळ्याला. मी काकूंकडं बघितलं. "पोरगं अभ्यासाचं वेळापत्रक लावतंय त्याच्यावर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आप्पा मोटारीच्या कुलपापाशी होते. जार बघितले, मला बघितलं, बिल्डरबद्दल एक शब्द नाही. "सातला बंद होती, ठाव हाय न्हवं," म्हणाले आणि बटण दाबलं. धार तीन बोटांची राहिली नव्हती, दोन असेल. पण होती.

घरी आले. आईनं जार उघडून आधी वास घेतला, मग तांब्याभर पाणी काढून उभ्या उभ्या प्यायली.

"आप्पाच्या बोअरचं?"

"हो."

"हे प्यायला ठेव," ती म्हणाली. "टँकरचं भांड्याला वापरू."